आधी काका, मग किक

आमच्या कॉलनीत नवी मोटारसायकल आली की तिला तीन गोष्टी लागतात: हळदकुंकू, चाकाखाली लिंबू आणि उगेमुगे काका. पहिल्या दोन घरच्यांनी आणायच्या असतात, तिसरी आपोआप येते. ओवाळणीचं ताट गाडीपर्यंत पोचायच्या आत काका गोणपाट अंथरून गाडीखाली आडवे झालेले असतात. बाहेर दिसतात ते त्यांचे दोन पाय. वर्ध्यात नव्या गाडीपेक्षा या पायांनाच जास्त वेळा ओवाळलं गेलं असेल, असं आमची ही म्हणते.

नव्या गाडीचे नट ढिले असतात, यावर काकांची नितांत श्रद्धा. "कंपनी नट बसवते, कसत नाई," हे त्यांचं वाक्य आमच्याकडे लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. शोरूमवाल्याने सगळं तपासून दिलंय असं कोणी म्हटलंच, तर काका गाडीखालूनच विचारतात, "त्यानं इकली. चालवून राह्यला का तो?"

तुम्हाला वाटेल, काका मेकॅनिक असतील. अजिबात नाही. त्यांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत जुन्या फायली सांभाळण्यात काढली. मोटारसायकल त्यांना चालवतासुद्धा येत नाही. सत्तरी उलटली तरी सायकलवर फिरतात आणि पान्यांची पिशवी हँडलला लटकत असते. आता तुम्ही म्हणाल, मग नक्कीच कोणा जवळच्या माणसाचा अपघात झाला असणार. मलाही तसंच वाटायचं. एकदा चहावर फार हळव्या आवाजात विचारून पाहिलं. काका माझ्याकडे बघतच राहिले. "अपघात कायले व्हाले पायजे? अपघात झाल्यावर कसाचे का नट?"

कसण्याची त्यांची तऱ्हाही वेगळी. पाना दोन बोटांत धरायचा, कान गाडीला लावायचा आणि डोळे मिटायचे. "ताकदीचं काम नाई हे. हळूहळू कसत जाय. नट 'झालं' म्हणते, तिथं थांब." मी एकदा काकांच्या माघारी माझ्या गाडीचा आरसा स्वतः कसला. नटाने 'झालं' म्हटलंही असेल, पण मला कोणी झालं म्हटल्यावर थांबायची सवय नाही. आतले आटेच गेले. तेव्हापासून त्या आरशात मला मागचा ट्रक कधी दिसला नाही. आभाळ मात्र स्वच्छ दिसतं.

ती गाडी घेतली तेव्हाचीच गोष्ट. रोहण्याला सासुरवाडीत मेव्हण्यासमोर ती मिरवायची होती. सकाळी आठला निघायचं ठरलं. साडेसातला काका आले. नऊ वाजता पुढचं चाक झालं, अकराला मागचं. मग त्यांना लेगगार्डचा एक बोल्ट 'खोटं बोलून राह्यला' असं वाटलं. शेवटी आम्ही दोघं एसटीने रोहण्याला गेलो. मी मांडीवर नवं हेल्मेट घेऊन बसलो होतो. मेव्हण्याने ते पाहिलं. अजूनही दिवाळीला भेटला की विचारतो, "भाऊजी, बसमध्ये हेल्मेट कम्पल्सरी झालं का?"

म्हणून आमची लेक रेवती हिंगणीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि तिने मोटारसायकल घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी कट रचला. सोमवारी तिचा शाळेतला पहिला दिवस. गाडी रविवारी मिळणार होती. काकांच्या हाती लागली असती तर पोरगी मंगळवारी हजर झाली असती. रविवारी दुपारी दोन ते चार काका झोपतात. त्या वेळात इंजीन बंद करून आम्ही तिघांनी गाडी मागच्या गल्लीतून ढकलत आणली, कुजबुजत पूजा उरकली, लिंबं चिरडली आणि गाडीवर पलंगाची चादर टाकली. हे सगळं पन्नाशीच्या माणसाला शोभत नाही, असं ही म्हणाली. पण चादरीचं एक टोक तिनेच धरलं होतं.

साडेचारला काका चहाला आले. काका आमच्या शेजारचेच, मधे फक्त कमरेएवढी भिंत. मूलबाळ नाही, काकू जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे संध्याकाळचा चहा आमच्याकडेच असतो. मागच्या अंगणात हात धुवायला गेले आणि खाली बघत उभे राहिले.

"लिंबं ताजे दिसते, सुधीर."

मी म्हणालो, मेव्हण्याने कार घेतली, दाखवायला आणली होती.

"कारले चार लागते," काका म्हणाले. "इथं दोनच हाये."

ही स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं, आता चादर ओढतील. पण त्यांनी ओढली नाही. चहा घेतला, कप नेहमीसारखा विसळून ठेवला आणि गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी सातला रेवती निघाली. काका भिंतीपलीकडे उभे होते. गाडी वळेपर्यंत बघत राहिले. नऊला मी चादर झटकायला बाहेर आलो तर त्यांच्या दाराला कुलूप. सायकल मात्र भिंतीला टेकलेली.

पुढचं मला रेवतीने साडेपाचला घरी आल्यावर सांगितलं. काका एसटीने हिंगणीला गेले होते. शाळेच्या फाटकात त्यांनी सांगितलं की मी नव्या मॅडमचा आजोबा, गाडी पाहाले आलो. मधल्या सुट्टीत रेवती बाहेर आली, तर गाडीभोवती अख्खी पाचवी गोळा झालेली आणि गाडीखालून ओळखीचे दोन पाय बाहेर आलेले. नोकरीचा पहिला दिवस. हेडसरांनी विचारलं, मॅडम, हे पाय तुमचेच का?

नंबरप्लेटचा एक आणि लेगगार्डचा एक, असे दोन नट ढिले निघाले. बाकी सगळे चोख होते. काकांचा चेहरा जरासा उतरला, असं रेवती म्हणाली. शाळेने त्यांना चहा दिला. तिने त्यांना विचारलं, "आजोबा, एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला आलात? मी संध्याकाळी घरी आलेच असते ना?"

काका पाने पुसत म्हणाले, "येशीन ना. पण तवापर्यंत मी का करू?"

तिला काही कळेना. मग ते सांगत गेले, पान्यांकडेच बघत. कॉलनीतल्या एकूण एक गाडीचा आवाज त्यांना ओळखू येतो. संध्याकाळ झाली की ते ओट्यावर बसून एकेक गाडी घरी आली की नाही ते बघतात. "तुह्या बापाचा आवाज माह्या सैपाकघरात येते. कोणी आलं की 'आली का, आला का' करते तो. शेवटचं माणूस येते ते तुमच्याच घरचं. तुह्या बापाचं 'आली का' आयकलं की मंग मी जेवाले बसतो. आता नट पायले, म्हणजे आज भूक लागंन."

शाळा सुटल्यावर तिने त्यांना मागे बसा म्हणून आग्रह केला. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी डबलसीट नको, मागच्या चाकावर भार येते. आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

मी असं काही विचारतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. हिला विचारलं तर ती म्हणाली, रोज विचारता. माणूस समोर येऊन चप्पल काढत असतं, तरी विचारता.

सहा वाजले. काकांचं कुलूप तसंच. हिंगणीची बस कधी येते, कधी येतच नाही. मी पेपर घेऊन ओट्यावर बसलो. सकाळीच वाचलेला पेपर होता. रेवती दोनदा बाहेर डोकावून गेली. ही म्हणाली, जेवायला वाढू का? मी म्हणालो, थांब जरा.

पावणेसातला गल्लीच्या टोकाला पिशवी दिसली. काका सावकाश येत होते, पाठ एका हाताने दाबत. सदऱ्याला हिंगणीची माती होती. मी भिंतीपाशी गेलो. चोरून आणलेल्या गाडीबद्दल माफी मागायची, असं ठरवून उठलो होतो. तोंडातून निघालं भलतंच, आणि तेही माझ्या त्या मोठ्या आवाजात.

"आले का, काका?"

काका थांबले. मला वाटलं, आता त्या दोन लिंबांवरून टोमणा येणार. मी तयारीत होतो.

"आलो," ते म्हणाले.

एवढंच. मग ते दाराकडे वळले. किल्ली हातात होती, कुलूप समोर होतं, पण ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला. मी आत जाऊन हिला म्हणालो, वाढ आता, आणि एक ताट जास्त घे.