विम्यातली माणसं आणि शिडीवरचा माणूस

आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा सुटू लागला आहे, ही बाब प्रथम माझ्या पत्नीच्या निदर्शनास आली, कारण पहिला ढलपा तिच्या खांद्याला घासून ओट्यावर पडला. तिने गवंडी बोलवायला सांगितलं. मी जबाबदार गृहस्थ असल्यामुळे तो लगेच बोलावला नाही.

त्याचं असं झालं, माझ्या मेहुण्याने मला सावध केलं होतं. घरात कामाला आलेला माणूस पडला आणि ठेकेदाराने कामगारांचा अपघात विमा काढलेला नसला, तर भरपाई घरमालकाच्या बोकांडी बसते म्हणे. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. गवंडी पडेल याचं मला काही नव्हतं. तो माझ्या घरात पडेल, ही चिंता होती.

पहिल्या ठेकेदाराला विमा विचारला तर तो दुखावलाच. "आमची माणसं पडत नाहीत, साहेब," म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. "मुदत संपली तर काय झालं? माणसं तीच आहेत की!" तिसऱ्याचं प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट केलेलं, वर गोल शिक्का. मी भारावून गेलो आणि खातरजमा करायला विमा कंपनीला फोन लावला.

"आपण यांच्याशी करार केलाय का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही. आधी खात्री करतोय."

"कराराची प्रत मिळाल्याशिवाय आम्ही खात्री देत नाही."

"पण खात्री झाल्याशिवाय मी करार करणार नाही!"

"अगदी योग्य आहे आपलं," बाई आनंदाने म्हणाल्या. "सगळेच असं म्हणतात. अर्ज करून ठेवा, आम्ही फोन करू."

मी अर्ज केला. अठरा दिवस गेले. छत आपल्या गतीने खाली येत होतं आणि पत्नी माझं स्कूटरचं हेल्मेट घालून स्वयंपाक करत होती.

"न आलेल्या गवंड्याची एवढी काळजी," ती एकदा म्हणाली, "आणि मी रोज इथे उभी असते तिचं काय?"

कामगाराच्या व्याख्येत ती बसत नाही, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. त्या दिवशी जेवण मला माझं वाढून घ्यावं लागलं.

एकोणिसाव्या दिवशी शेगडीवरच मोठा ढलपा कोसळला आणि मी तिसऱ्या ठेकेदाराला होकार कळवला. दुसऱ्या दिवशी थापी, घमेलं आणि शिडी घेऊन एक गवंडी आला. प्रमाणपत्रावर चार नावं होती. त्यात याचं नव्हतं. मी तडक ठेकेदाराला फोन केला.

"अहो साहेब, ती चौघं ऑफिसात बसतात."

"का?"

"विमा काढलेली माणसं कामावर पाठवली आणि पडली म्हणजे? दावा लागला की कंपनी पुढच्या वर्षी नाक मुरडते. अकरा वर्षं आमच्या नावावर एकही दावा नाही. ते काय उगाच?"

"मग हा?"

"हा अनुभवी आहे."

यात खोट काढायला जागा नव्हती. स्वतःच्या बचावासाठी मी एक पत्र तयार केलं: 'सदर गृहस्थ माझे स्नेही असून सहज भेटीस आले होते, गप्पांच्या ओघात हौस आल्याने ते स्वखुशीने शिडीवर चढले.' गवंड्याने ते सावकाश, दोनदा वाचलं. हात पुसून सही केली.

"म्हणजे मी पाहुणा?"

"हो."

"मग चहा सांगा. आणि या शिडीचा एक पाय आखूड आहे, तेवढी धरून ठेवा. पडलोच नाही, तर या कागदांचं कामच काय?"

ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी शिडी धरली. दोन तास धरली. पत्नीने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मी आणखी घट्ट धरली. अर्धं छत झालं आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजला. विमा कंपनीच असणार!

"एक मिनिट हं," मी वर बघून म्हणालो आणि धावलो.

"अभिनंदन! आपल्या ठेकेदाराची पडताळणी समाधानकारक झाली आहे. आता आपण निर्धास्तपणे..."

आतून धाडकन आवाज आला. पाठोपाठ पत्नीची किंकाळी.

"हॅलो? आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

पत्नीने त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. सुजलेला पाय स्टुलावर ठेवून ओलं फडकं बांधलं. त्याने तक्रार केली नाही. "फोन महत्त्वाचा होता का?" एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डॉक्टरचं आपण बघायचं," पत्नी म्हणाली. "आणि ते पत्र आत्ताच्या आत्ता फाडा."

डॉक्टरकडे मी त्याला स्वतः नेलं. तो घरी बसला तेवढ्या दिवसांची मजुरीही पोचती केली. पत्र मात्र फाडलेलं नाही; फाडलं, असं तिला सांगितलंय.

तुम्ही मान हलवताय, ते दिसतंय मला. पण परवा ही हकीकत मी तीन शेजाऱ्यांना सांगितली. तिघेही आधी मनापासून हळहळले आणि मग एकेकट्याने गाठून, आवाज खाली आणून, त्या पत्राची नक्कल मागून घेऊन गेले. तुम्हालाही हवी असल्यास संकोच करू नका. नावाची जागा मी कोरीच ठेवली आहे.