खोकल्याचा पुरावा

टिपणीस काकांविषयी काही लिहावे असे मनात येऊन दीड वर्ष झाले, आणि तेवढाच काळ मी ते टाळत आले. वाचकांनी आरंभीच क्षमा करावी. कारण या कामाला माझ्याइतकी अपात्र व्यक्ती अमेरिकेतल्या आमच्या साऱ्या श्रूजबरी गावात सापडणार नाही. माझे लेखन आजवर प्रयोगशाळेतील अहवालांपलीकडे गेलेले नाही, आणि विषय तर संगीताचा! शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेऊन बजावले होते, "वैजयंती, तू नुसते ओठ हलव हं." ते मी इतके मनावर घेतले की पन्नाशी उलटली तरी घरच्या आरतीतही मी ओठच हलवते. तरीही लिहायला बसले आहे, कारण गाण्यात खोकला शोधणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

होय, खोकला. गाणे लागले की तुम्ही-आम्ही सूर ऐकतो, शब्द ऐकतो. काका डोळे मिटून, तर्जनी वर धरून खोकल्याची वाट पाहत. एखाद्या मैफिलीच्या जुन्या ध्वनिमुद्रणात मागे कोणी खाकरले, कोणाच्या हातून किल्ल्या पडल्या, खुर्ची करकरली, की त्यांचा चेहरा उजळे. "हा घ्या पुरावा! माणसं होती तिथे. गाणं घडलंय." आणि एखादे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्मळ निघाले, तर त्यावर एकच शेरा: "गोड आहे. पण पुरावा काय?"

त्यांच्या पत्नी मालतीकाकू गेल्यापासून हे वेड फारच वाढले होते. एकट्या माणसाला मन रमवायला काहीतरी हवेच, असे आम्ही शेजारी एकमेकांना समजावीत असू.

पण त्या कानांविषयी थट्टा करण्याचे धाडस मात्र कोणाला नव्हते. वूस्टरजवळच्या एका कारखान्यात काकांनी उभा जन्म यंत्रांची बेअरिंग्ज तपासण्यात घालवला. बेअरिंग फिरवायचे, कानाजवळ धरायचे, आणि पास की रिजेक्ट ते सांगायचे. पुढे त्या कामाला उपकरणे आली. पण उपकरणांना शंका आली की ती काकांकडे पाठवीत, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. एकदा मी त्यांना दुकानात घेऊन चालले होते. माझी गाडी मला अगदी नेहमीसारखी वाटत होती. काका रेडिओ बंद करून म्हणाले, "वैजयंती, मागचं उजवं चाक. फार दिवस नाही टिकायचं." मेकॅनिकने चाक काढून पाहिले आणि माझ्याकडे आदराने पाहिले. मी तो आदर मुकाट्याने स्वीकारला, याची अजून लाज वाटते.

काकू गेल्या त्या वर्षी आमच्या घरात एका टीव्ही कार्यक्रमाने मुक्काम ठोकला होता. तरुण मुलेमुली गायची, परीक्षक त्यांचा पाणउतारा करायचे, आणि प्रेक्षक फोनवरून मते देऊन विजेता निवडायचे. माझी चौदा वर्षांची ऋचा फोनला चिकटून बसे. टेक्सासची एक मुलगी जिंकली आणि तिचे ख्रिसमसचे गाणे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून दुकानात, गाडीत, दातांच्या डॉक्टरकडे, सर्वत्र वाजू लागले.

"काका, तुम्ही फक्त वन एपिसोड बघा ना!" ऋचा म्हणाली. "शी इज सो गुड!"

"कोणी ठरवलं?"

"पीपल व्होटेड!"

"अगं, मतं देऊन सिनेटर निवडतात. षड्ज नाही निवडत."

"यू आर जस्ट जेलस."

"आहेच मुळी. मलाही कोणीतरी फोनवरून निवडावं, असं फार वाटतं."

शेवटी तिच्या हट्टापायी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच, अंगातला कोटही न काढता, कानांवर हेडफोन चढवले. गाणे संपेपर्यंत तर्जनी वर होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मुलीचा गळा चांगला आहे. फार चांगला आहे. पण बाळ, ही श्वास कुठे घेते?"

ऋचाने गाणे पुन्हा लावले. अर्ध्यावर तिचे डोळे विस्फारले. "ओ माय गॉड, आई! शी डझन्ट ब्रीद!"

"घेत असणारच गं. कोणीतरी कापून काढलेत." काका हेडफोनची वायर काळजीपूर्वक गुंडाळीत राहिले. "एवढे चांगले श्वास. कुठे टाकले असतील कोण जाणे."

आता त्या वर्षीच्या खऱ्या प्रकरणाकडे येते. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक पांढरे चर्च आहे. तिथल्या गायकवृंदात बहुतेक सारे सत्तरीपुढचे. आदल्या डिसेंबरात काकांनी आपण होऊन दोन मायक्रोफोन लावून त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला होता. त्यातल्या एका गाण्याची सीडी वृंदातल्या डोरथी नावाच्या आजींनी इथल्या रेडिओ स्टेशनला पाठवली. हे स्टेशन दर ख्रिसमसला श्रोत्यांची मते घेऊन सणाची दहा गाणी क्रमाने वाजवते. टेक्सासची मुलगी पहिली येणार, हे उघड होते. पण स्टेशनच्या माणसाला आमच्या म्हाताऱ्यांचे गाणे मनापासून आवडले. तो म्हणाला, "तुमचं गाणं मतदानाला ठेवतो. एकच अडचण आहे. शेवटच्या कडव्याआधी सगळे थांबतात, तिथे कोणीतरी खोकलंय. तेवढं काढून द्या."

मूळ ध्वनिमुद्रण काकांपाशी, तेव्हा निरोप काकांकडे आला. काकांनी साफ नकार दिला.

गायकवृंदाने विनवण्या केल्या. काका म्हणाले, खोकला हा त्या गाण्यातला सर्वांत अस्सल भाग आहे. वृंदाला हे फारसे रुचले नाही. माझ्या यजमानांनी सुचवले, "काका, एक सेकंदाचा तर प्रश्न आहे, रिमूव्ह करून टाका." त्यावर काकांनी चहाचा अर्धा कप तसाच ठेवून आमचे घर सोडले.

अखेर डोरथी स्वतः जायला निघाल्या. त्या आता गाडी चालवीत नाहीत, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. काकांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवले, डोरथींनी घरी भाजून आणलेला ॲपल पाय कापून बशांत वाढला, आणि स्वतः सिंकला टेकून उभे राहिले.

"मिस्टर टिपणीस," डोरथी म्हणाल्या, "त्या स्टेशनवरची ख्रिसमसची गाणी ऐकत भांडी घासण्यात माझा जन्म गेला. माझा डावा कान गेलाय. उजवाही चाललाय, पुढच्या वर्षाची खात्री डॉक्टर देत नाहीत. तो जायच्या आत एकदा, एकदाच, मला त्या रेडिओवर आम्हाला ऐकायचंय. एका खोकल्यानं तुमचं असं काय जाणार आहे?"

नळ नीट बंदच होता, तो काकांनी पुन्हा घट्ट केला. मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलू लागले.

"वैजयंती, तो खोकला मालतीचा आहे."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"तिसऱ्या बाकावर बसली होती. तेव्हा तिला बाहेर न्यायलाच नको होतं, पण हौस. खोकला दाबून दाबून बिचारी लाल झाली होती, आणि नेमकं सगळं शांत झालं तिथे फुटला. गाडीत घरी येईपर्यंत रडत होती. म्हणाली, तुम्ही एवढी मेहनत केलीत आणि मी सगळं घालवलं. मी म्हटलं, घालवलं कसलं? आता कोणाची हिंमत आहे हे खोटं म्हणायची? तुझा खोकला हा पुरावा आहे. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो गं. पण ती हसली. मग मी रोज एखाद्या गाण्यातला खोकला शोधून तिला ऐकवायला लागलो. पलंगाशी बसून. मार्चपर्यंत. आता सवय मोडत नाही."

डोरथी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्यांनी उजवा कान पुढे केला. "काय म्हणतायत ते?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच काका इंग्रजीत, मोठ्याने आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "मी म्हणालो, काढून देतो."

काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा ते संगणकासमोर बसले होते. मला वाटले होते, खोकल्याचा तुकडा पुसला की झाले. काकांनी मान हलवली. "नुसतं पुसलं तर तिथे भोक पडतं. रेडिओवाल्याला नाही कळणार, पण गाण्याला कळतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तिथे त्याच चर्चची शांतता भरावी लागते." गाणे सुरू होण्यापूर्वी सारे श्रोते गप्प झाले होते, त्या क्षणातला एक तुकडा त्यांनी उचलला होता. तो त्यांनी मला ऐकवला. मला अर्थातच काहीही ऐकू आले नाही.

"ही त्याच संध्याकाळची शांतता आहे," काका म्हणाले. "हिच्यातही ती बसलेली आहे. फक्त खोकत नाहीये."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ विद्वान माणसे पाहिली. इतके सूक्ष्म काही कोणाच्या तोंडून ऐकल्याचे मला स्मरत नाही.

पुढे मतदानाची मोहीम ऋचाने हाती घेतली. आपल्या टेक्सासच्या मुलीला तिने त्या आठवड्यापुरते वाऱ्यावर सोडले. महाराष्ट्र मंडळातल्या झाडून साऱ्या काकूंना तिने फोन केले आणि ज्यांनी ते गाणे कधी ऐकलेही नव्हते, त्यांच्याकडून मते वसूल केली. काकांनाही तिने नंबर लावून दिला. काकांनी पलीकडच्या माणसाला आपले नाव, गाव आणि मत देण्याची कारणे सविस्तर सांगितली.

"नाऊ हिट रीडायल," ऋचा म्हणाली.

"कशाला? मी दिलं की मत."

"काका! एव्हरीबडी व्होट्स लाइक फिफ्टी टाइम्स!"

"मी एक माणूस आहे. माझं एक मत."

"दॅट्स व्हाय युअर काइंड ऑफ म्युझिक नेव्हर विन्स," ती हताशपणे म्हणाली आणि स्वतः रीडायल दाबत बसली.

चोवीस डिसेंबरच्या दुपारी आम्ही काकांच्या स्वयंपाकघरात जमलो. डोरथी रेडिओला अगदी खेटून बसल्या, उजवा कान त्याच्या जाळीला लावून. "गाणं लागलं की कोणी हूं की चूं करायचं नाही," काकांनी ऋचाला दम भरला. दहावे झाले. आणि नववे म्हणून निवेदकाने आमच्या गावाचे नाव घेतले, त्या छोट्या चर्चचे नाव घेतले, आणि डोरथींनी माझा हात असा पकडला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

गाणे कसे होते, हे मी सांगू नये हेच बरे. त्यांच्या आवाजांना कंप होता, एक पुरुष स्वर मागे रेंगाळत होता, आणि डोरथींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग शेवटच्या कडव्याआधीची ती जागा आली. सारे थांबले. रेडिओतून त्या संध्याकाळची शांतता आली, कुठेही भोक नसलेली, सफाईदार.

आणि त्या शांततेत, आमच्यामागे सिंकला टेकून उभे असलेले टिपणीस काका खोकले. एकदाच, हलके, जणू दाबून दाबून अखेर फुटावा तसे.

ऋचा "शूऽऽ" म्हणायला रागाने वळली. मी तिचा दंड धरला. डोरथींनी काही ऐकले नसावे. त्या हसत होत्या. शेवटचे कडवे सुरू झाले.

संगीतातले मला काहीच कळत नाही, हे मी आरंभीच कबूल केले आहे. तेव्हा ज्यांना कळते त्यांनी सांगावे: त्या दुपारी आम्ही जे ऐकले, ते गाणे अस्सल होते की नव्हते?