कॉम्प्युटरला हळद लागली

कॉम्प्युटर उघडणं म्हणजे काय मोठं काम आहे हो? चार स्क्रू काढायचे, धूळ झटकायची, परत चार स्क्रू लावायचे! वडप्याच्या गोदामात मी अख्खे कंटेनर उतरवून घेतो, तिथं ह्या डब्याची काय कथा? असं मी घरात सगळ्यांदेखत म्हणालो. आणि सगळ्यांनी ऐकलं, हीच चूक झाली.

प्रसंगही तसाच होता. आमच्या जीवनदादाची लेक क्षितिजा कॅनडात नोकरीला. तिचं लग्नही तिकडेच ठरलेलं. सुट्टीची अडचण, व्हिसाची अडचण, त्यामुळे भिवंडीजवळ राहनाळला, गावी येणं काही जमेना. पोरीनं सगळं मान्य केलं, पण एक गोष्ट धरून बसली. "ठकुआजीचा धवला ऐकल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, काका!"

ठकुबाई म्हणजे आमच्या गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण! तिनं धवला, म्हणजे आमचं लग्नाचं गाणं, गायल्याशिवाय मांडवातलं पानसुद्धा हलत नाही. आता आवाज तोच आहे, नजर मात्र अधू झालीय. आम्ही तिला मोबाईलवर क्षितिजा दाखवायला गेलो, तर तिनं फोन हातानं बाजूला सारला.

"नवरीचं तोंड बघल्याबिगर मी धवला गात न्हाय. या डबीन मना नवरी दिसते का मुंगी दिसते, काय कलत न्हाय!"

दादाचा टीव्ही भिंतभर मोठा, पण जुना. फोनला ओळखच देत नाही. कॉम्प्युटर मात्र जोडता येतो. मी छाती पुढे काढली. "माझा कॉम्प्युटर आणतो. नव्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बसवतो. क्षितिजा भिंतभर दिसेल!"

हळदीच्या दिवशी दुपारी मी दादाच्या ओटीवर पांढरं कापड अंथरून सगळे भाग सुटे मांडले. खरं सांगतो, मी स्वतःच बघत बसलो. ती हिरवी पाटी, तिच्यावरचे बारीक रस्ते, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात! मानकोलीचा पूल वरून बघितल्यावर वाटलं नव्हतं एवढं अप्रूप वाटलं मला. माणसानं हे केलं तरी कसं?

तेवढ्यात ठकुबाई हळदीची वाटी घेऊन आली. "नवी वस्तू हाय. हलद लावल्याबिगर घरान न्यायची न्हाय."

आता भिवंडीत नव्या लूमला हळद लागते, टेम्पोला लागते, वजनकाट्याला लागते. मी म्हणालो, "लावा की!" मला वाटलं, कॅबिनेटला एक बोट लावेल. मी केबल आणायला घरी गेलो. परत येऊन भाग पटापट बसवले आणि बटण दाबलं.

पंखे फिरले! काचेतून लाल, निळे, जांभळे दिवे लागले! जमलेल्या बायका "अगं बाय!" म्हणून मागं सरकल्या. एकीनं तर हात जोडले. माझी कॉलर ताठ झाली. मग मी टीव्हीकडे बघितलं. काळाकुट्ट. मधोमध दोनच शब्द: नो सिग्नल.

केबल काढून लावली. दुसऱ्या भोकात घातली. बटण बंद, बटण चालू. टीव्हीला एक थापटी दिली, तर दादा ओरडला, "अरे, टीव्ही माझा हाय!" कॉम्प्युटर नुसता थांबून थांबून "टूंऽऽ, टूंऽऽ" करत होता. बायकांना तो सूर आवडला. त्यांनी त्यावर टाळ्याच धरल्या!

इकडे दिवे लागायची वेळ झाली आणि माझ्या फोनवर क्षितिजा. तिकडे तिची सकाळ. "काका, झालं का? मैत्रिणी हळद कालवून बसल्यात. आम्हाला लग्नाला देवळात निघायचंय."

"झालंच, बाळा!" मी म्हणालो. माझी बायको करिष्मा शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच स्क्रू घट्ट करावेसे वाटले.

शेवटी नोमानला फोन लावला. नोमान माझा शाळेतला दोस्त, बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचं. मी टूंऽऽ ऐकवलं.

"रॅम है भाई, रॅम! काढ बाहेर. त्याला काय लागलंय का बघ."

मी पट्टी काढली. सोनेरी दात चमकत होते. "काही नाही लागलेलं."

करिष्मानं त्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. पिवळं! सोनेरीवर पिवळं, कुणाच्या बापाला दिसणार? वर तेलात कालवलेली! ठकुबाईनं पट्टीच्या एकेका दाताला प्रेमानं हळद चोळली होती.

"हळद लागलीय," मी फोनवर पुटपुटलो.

नोमाननं मला परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मी कॉम्प्युटरमध्ये चहा बघितला, पाल बघितली, एकदा तर उंदराची अख्खी फॅमिली बघितली. हलदी पहली बार! खोडरबर घे, दात घास, साफ होऊन जाईल."

मी खोडरबर मागितलं मात्र, ठकुबाई ताडकन उठली.

"हात लावू नुको! लागलेली हलद लगीन जाल्याबिगर उतरवाची न्हाय! आज घरान पोरीची हलद हाय आन् तू पुसाला निंगालास?"

दादाचा चेहरा उतरला. लेक सातासमुद्रापार, आणि तिच्या हळदीच्या दिवशी घरात हळद पुसायची? माझ्या हातातलं खोडरबर मलाच जड झालं. हळद पुसली नाही तर चित्र नाही. चित्र नाही तर धवला नाही. धवला नाही तर क्षितिजा तशीच कोरडी देवळात जाणार!

"मग काय करायचं, आजी?" मी रडकुंडीला आलो.

ठकुबाईनं डोळे मिटले, उघडले. "लगीन लावू."

"कुणाचं?"

"हिचं!" तिनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "नवरा समोरच हाय." बोट टीव्हीकडे गेलं.

मी हसणार होतो, पण कुणीच हसत नव्हतं! दादानं नवी शाल आणली, बायकांनी तिचा अंतरपाट धरला. कॉम्प्युटरच्या मागं मी आणि करिष्मा, मुलीचे आईबाप म्हणून. टीव्हीकडून दादा-वहिनी. आणि ठकुबाईनं धवला धरला.

काय सांगू तुम्हाला! दात पडलेल्या त्या तोंडातून असा आवाज निघाला की दारातली पोरंसोरं जागच्या जागी थांबली. मी गोदामाचा सुपरवायझर, रोज ट्रकवाल्यांशी भांडणारा माणूस, माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं! त्या डब्यासाठी! आता लेक परक्या घरी जाणार म्हणून! तेवढ्यात अक्षता पडल्या आणि मी उघड्या कॅबिनेटवर आडवा झालो, नाहीतर अर्धा शेर तांदूळ पंख्यात गेला असता.

शाल दूर झाली. "आथा उतरवा," ठकुबाई म्हणाली.

करिष्मानं खोडरबरानं एकेक दात घासला. मी पट्टी खाचेत दाबून बसवली आणि बटण दाबलं. एक बारीक "टूं". मग अख्खी भिंत उजळली!

टीव्हीवर कॅमेरा लावून मी कॉल जोडला, आणि भिंतभर आमची क्षितिजा. हिरवा चुडा, कपाळाला बाशिंग, मागं खिडकीबाहेर पांढरा शुभ्र बर्फ. ठकुबाई सरकत सरकत पुढं गेली. तिनं हळदीचं बोट टीव्हीवरच्या गालाला लावलं. तिकडे क्षितिजानं नेमक्या त्याच जागी स्वतःच्या गालाला हळद लावली आणि हुंदका दिला. मग ठकुबाई गायली. मी आयुष्यात एवढी मोठी गोष्ट बघितली नव्हती, आणि ती माझ्या कॉम्प्युटरनं दाखवली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कॉम्प्युटर उचलायला मी दादाकडे गेलो. ठकुबाई ओटीवर चहा पीत होती.

"कुठं नेतंस?"

"घरी. माझा आहे तो."

"व्हता! आथा दिल्या घरची हाय ती. माहेराला न्यायची त सनाला ये, रीतीनं मुराली बनून!"

मी दादाकडे बघितलं. दादा टीव्हीकडे बघत होता. भिंतभर क्रिकेट चालू होतं, माझ्याच कॉम्प्युटरवरून.

तेव्हापासून माझा कॉम्प्युटर दादाकडे नांदतोय. जरा कुठं अडला, मंद झाला, की दादाचा फोन येतो, "तुझ्या पोरीला काय वलन लावलंस का न्हाय?" आणि मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून, मान खाली घालून जातो. काय करणार? मुलीचा बाप आहे मी!