चौकातली जन्मतारीख

"मॅडम, पोलिसांनाच कुणी फोनवर गंडवलं, तर ते तक्रार कुणाकडे करतात?"

शाळेच्या हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वळल्या. प्रश्न विचारणारी तेजस्विनी, दहावी ब. प्रश्न मात्र तिचा नव्हता. पोलिसांच्या सायबर शाखेच्या मॅडम व्याख्यानाला येणार म्हटल्यावर तिच्या मैत्रिणींनी, तनुजा आणि विजयश्रीने, मधल्या सुट्टीत पैज लावली होती. तेजूने उभं राहून हे विचारायचं, नाहीतर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची. मागच्या वर्षापर्यंत तेजूने मुकाट दप्तरं वाहिली असती. पण गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून तिला स्वतःचा आवाज फारच आवडायला लागला होता.

"आमच्याकडेच करतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "फक्त त्यांना आम्ही चहा देत नाही."

अख्खा हॉल हसला. मुख्याध्यापकही हसले, पण आधी मॅडम हसतायत ना हे बघून.

"आता तुला काम," मॅडम तेजूकडे बघत म्हणाल्या. "घरी जाऊन बघायचं, आपल्या घरातलं कोण कुणाला काय सांगतं. आणि चुकून काही झालंच तर लगेच सायबर हेल्पलाइनला, एकोणीस-तीसला फोन. लाजत बसायचं नाही. लोक लाजतात, तेवढ्यात पैसे पार होतात."

तेजू हे सगळं मनात घोळवत घरी निघाली. चऱ्होलीच्या चौकात तिचे पप्पा उभे होते. म्हणजे फ्लेक्सवर. वीस फूट उंच, पांढरा शर्ट, गॉगल, एका हातातला मोबाइल कानाला, दुसरा हात गाडीच्या बॉनेटवर. पप्पांचा वाढदिवस होऊन महिना झाला होता, पण फ्लेक्स काही उतरला नव्हता. कारण शेजारच्या भावकीचा पण उतरला नव्हता.

पप्पा म्हणजे रणजीतभाऊ. गावची जमीन, चाकणला भाड्याने दिलेल्या दोन शेड, आणि पुढेमागे नगरसेवक व्हायची इच्छा. गावाची मतं त्यांच्या खिशात होती, प्रश्न होता तो नव्या टॉवरमधल्या लोकांचा. ती माणसं कंपनीच्या बसने जातात, कंपनीच्या बसने येतात, आणि कुणालाच 'राम राम' करत नाहीत. त्यांना जिंकायला भाऊंनी रविवारी, म्हणजे उद्याच, टॉवरच्या क्लबहाउसमध्ये मेळावा ठेवला होता. विषय: सायबर फसवणुकीपासून सावधान. वक्त्या: शाळेत आलेल्या त्याच मॅडम. अध्यक्ष: रणजीतभाऊ.

तेजू घरात शिरली तेव्हा अध्यक्ष सोफ्यावर मांडी घालून, फोन स्पीकरवर टाकून बोलत होते.

"…सात, पाच. घ्या. झालं?"

"थँक्यू सर," फोनमधून अगदी गोड आवाज आला. "तुमचं लिमिट वाढतंय. दोन मिनिटं लाइनवर राहा."

"पप्पा, काय दिलंत तुम्ही?"

"ओटीपी. गप बस, बँकेचा फोन आहे."

"बँकेनेच पाठवला ना ओटीपी? मग बँक तुम्हाला कशाला विचारेल?"

रणजीतभाऊंनी घातलेली मांडी सोडली. या बाजूने त्यांनी विचार केला नव्हता. तेवढ्यात फोन कट झाला.

"अगं, बँकेचाच होता," ते म्हणाले, पण आवाज अर्धा झाला होता. "माझं पूर्ण नाव सांगितलं त्यानं. जन्मतारीख सांगितली. आजीचं नावसुद्धा सांगितलं. बँक सोडून कुणाला माहिती असणार हे?"

तेजूने पप्पांचा हात धरला आणि त्यांना गॅलरीत नेलं. तिथून चौक स्वच्छ दिसत होता. स्वयंपाकघरातून जयमाला, तेजूची मम्मी, हातातलं लाटणं तसंच घेऊन मागोमाग आली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"मातोश्री अंबुबाई व पिताश्री साहेबराव यांचे सुपुत्र, धडाडीचे युवा नेतृत्व रणजीतभाऊ. जन्म एकवीस डिसेंबर एकोणीसशे ऐंशी. खाली मोबाइल नंबर. अहो, रक्तगट तेवढा राहिला."

"आणि कार्डाचा नंबर?" तेजूने विचारलं. "तो तर फ्लेक्सवर नाही."

"तो मीच वाचून दाखवला," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "परिवाराच्या ग्रुपवर फोटो टाकून ठेवलाय ना कार्डाचा. कुणालाही लागलं तर असावा म्हणून."

जयमालाने लाटणं गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. हातात असणं बरं नव्हतं.

"एकोणीस-तीस," तेजू म्हणाली. "लगेच लावायचा. मॅडमनी सांगितलंय."

"अजिबात नाही. पोलिसात गेलं की त्या मॅडमना कळणार. उद्या मी अध्यक्ष आहे, तेजू. एका बाजूला त्या, एका बाजूला मी, आणि समोर सगळे इंजिनिअर. जन्मभर म्हणतील, गाववाल्याने आदल्या दिवशीच गंडवून घेतलं आणि आम्हाला शिकवायला आला. पैसे गेले तर जाऊ दे. उद्याचं नाक जायला नको."

"मग निदान कार्ड तरी बंद करू."

हे भाऊंना पटलं. त्यांनी फोनवर बँकेचा नंबर शोधायला घेतला. तेजूने फोन काढून घेतला. "असा शोधायचा नाही. तिथेसुद्धा चोरांनी स्वतःचे नंबर टाकलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा."

"फोटो फक्त पुढच्या बाजूचा आहे."

"मग कार्ड आणा."

"कार्ड गोरक्षकडे आहे," भाऊ म्हणाले. "डिझेल भरायला गेलाय."

गोरक्ष म्हणजे भाऊंचा चुलतभाऊ. कार्ड त्याच्याकडेच असायचं, कारण घरच्या सगळ्या गाड्यांची कामं तोच बघायचा. जयमालाने फोन लावला. पंपावर कंपन्यांची शिफ्ट सुटल्याची गर्दी होती आणि गोरक्षकाका त्या गर्दीच्या वरताण ओरडत होते.

"हॅलो, वहिनी! मोठ्यानं बोला! काय? कार्डावरचा नंबर? पुढचा वाचू का मागचा?"

"मागचा. मागचाच. आणि हळू वाचा."

काकांनी हळूचा अर्थ सावकाश असा घेतला. सावकाश, सुटा सुटा, एकेक आकडा त्यांनी असा काही वाचला की लाइनीतले सगळे रिक्षावाले ऐकत राहिले. मग म्हणाले, "पिन पण सांगू का? गाडीचाच नंबर हाय तो. मी तर पंपावर सांगतच न्हाई आता, त्या पोराला म्हणतो गाडीवर बघून टाक."

जयमालाने कपाळावर हात मारला, त्याचा आवाज फोनमधून पंपापर्यंत गेला.

"काय झालं वहिनी? पैसं गेलं का काय कुणाचं?" काकांनी विचारलं. त्यांच्या मागून दुसरा एक आवाज आला, "रणजीतभाऊचं गेलं का?" जयमालाने घाईने फोन ठेवला.

बँकेच्या नंबरवर बराच वेळ संगीत वाजलं. शेवटी एक बाई आल्या. भाऊंनी खाकरून फ्लेक्सवरचा आवाज लावला.

"रणजीत बोलतोय. माझं कार्ड ताबडतोब बंद करा."

"नक्की सर. पडताळणीसाठी जन्मतारीख सांगाल?"

"एकवीस डिसेंबर ऐंशी."

बाईंनी ती टाइप केली. मग त्यांचा आवाज बदलला. "सर, आपण नक्की कोण बोलताय?"

"रणजीत. सांगितलं की."

"मगाशी ज्यांनी प्रयत्न केला, ते पण असंच म्हणाले असते. सर, थोड्या वेळापूर्वी कुणीतरी हे कार्ड नव्या मोबाइलला जोडायला बघत होतं. ओटीपी बरोबर टाकला. पण जन्मतारीख चुकीची. परत परत चुकीची. आणि आता तुम्ही सांगताय तीच."

"चुकीची कशी? अख्ख्या चऱ्होलीला माझी तारीख माहिती आहे. चौकात लावलीय."

"सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुम्ही खऱ्या ग्राहकांना फोन द्या, नाहीतर मला वरिष्ठांना कळवावं लागेल."

रणजीतभाऊ घामाघूम झाले. आजवर त्यांना कार्यकर्त्यांनी, पाहुण्यांनी, एकदा ग्रामसेवकानेसुद्धा 'ओळखलं नाही' म्हटलं होतं, पण 'तुम्ही तुम्ही नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवला. "तेजू, ही मलाच चोर समजतेय."

आतल्या खोलीत अंबुबाई टीव्हीवरची मालिका बघत होत्या. जाहिराती लागल्या म्हणून त्या बाहेर आल्या आणि सगळे असे उभे का आहेत हे बघायला लागल्या.

"आजी, पप्पांचा जन्म कधीचा गं?" तेजूने विचारलं.

"दत्तजयंतीचा. पाळणा चालला व्हता देवळात, आन् हिकडं ह्यो रडाया लागला."

"म्हणजे एकवीस डिसेंबर. बरोबर आहे की," भाऊ म्हणाले.

"व्हय, पर शाळंत न्हाई ते लिवलेलं," अंबुबाई सोफ्यावर बसत म्हणाल्या. "तुझा बाप गेला नाव घालाया. गुरुजींनी इचारलं, तारीख काय? ह्येनी सांगितलं, दत्तजयंती. गुरुजी म्हनले, दत्तजयंती न्हाई चालत सरकारला. एक जून लिवतो. त्या दिसाला आलेल्या समद्या पोरांचं एक जूनच लिवलं. आख्खा वर्ग एका दिवसात जलमला."

तेजू धावत जाऊन कपाटातून आधार कार्ड घेऊन आली. एक जून. पप्पांचं बँकेतलं खातं याच कागदावर उघडलेलं होतं. पण फ्लेक्सची इतकी वर्षं सवय, की 'जन्मतारीख' म्हटलं की तोंडातून चौकच बाहेर यायचा.

भाऊंनी फोनवरचा हात काढला. "मॅडम, एक जून."

"थँक्यू सर," बाई लगेच पूर्वीसारख्या गोड झाल्या. "काळजी करू नका. तारीख चुकत राहिल्यामुळे कार्ड आपोआप लॉक झालं होतं. एक रुपयासुद्धा गेलेला नाही. आता मी ते कायमचं बंद करते, नवीन घरी येईल. सर, एक विचारू? ओटीपी तुम्ही दिलात, तरी तारीख तेवढी बरोबर सांगितली नाहीत. मुद्दाम का?"

रणजीतभाऊंनी आईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "मुद्दामच," ते म्हणाले. "थोडी खबरदारी घ्यायला लागते."

फोन ठेवल्यावर जयमाला जी हसायला लागली, ती पदर तोंडाला लावून थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनही ऐकू येत राहिली. अंबुबाई म्हणाल्या, "गुरुजी लई हुशार. मी तवाच म्हनलं व्हतं," आणि मालिका बघायला परत गेल्या. त्यांनी तेव्हा असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

"ऐका," भाऊ सावरून म्हणाले, "हे या घराच्या बाहेर जाता कामा नये. उद्याचा मेळावा होऊ दे."

दारात चपला वाजल्या. गोरक्षकाका आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सांत्वनाला आल्यासारखे भाव होते.

"दादा, समदा पंप इचारत व्हता, भाऊचं किती गेलं म्हणून. टॉवरमधली चार-पाच माणसं पण व्हती लाइनीत. म्हनली, आमचे पण गेलेत मागं, पण आमी लाजून कुणाला सांगितलं न्हाई. भाऊ उद्या बोलणार असतील, तर समदे येतो म्हनले. बायकापोरांसकट."

भाऊ खाली बसले. क्लबहाउस भरायला त्यांनी वडापाव, खुर्च्या, सेल्फी पॉइंट, सगळं केलं होतं. त्यातलं काहीच टॉवरवाल्यांना बाहेर काढू शकलं नव्हतं. आणि आता ती माणसं बायकापोरांसकट येणार होती, ते भाऊंचा ओटीपी ऐकायला.

"सांगतो," ते म्हणाले. "मीच सांगतो स्टेजवर. त्या मॅडमच्या आधी. तेजू, लाव तुझा एकोणीस-तीस. त्या गोड आवाजाचा नंबर देऊन टाकू. दुसऱ्या कुणाची तरी बँकेतली तारीखच फ्लेक्सवर असेल बिचाऱ्याची."

तेजूने तक्रार नोंदवली तोवर काका सोफ्यावर टेकले होते. "दादा, नवीन कार्ड आलं की पिन काय ठेवायचा?"

सवयीने भाऊंचं तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात जयमाला आली, हातात लाटणं होतं. भाऊंनी तोंड मिटलं. गोरक्षकाकाही एकदम पाण्याचा तांब्या शोधायला लागले.

"पप्पा, मम्मी, मला पण काहीतरी सांगायचंय," तेजू म्हणाली. गॅदरिंगला माइकसमोर उभी राहायची तशीच ती हॉलच्या मधोमध उभी राहिली. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस होता आणि पप्पांना चौकात तिचा फ्लेक्स लावायचा होता. दरवर्षी लावायचा असायचा, आणि दरवर्षी ती रडून-रुसून तो हाणून पाडायची.

"काय, नको ना फ्लेक्स?" जयमाला म्हणाली. "बरोबर आहे बाई. आज बघितलंच."

"नको नाही. मी ठरवलंय. यंदा लावायचा. पप्पांपेक्षा मोठा. फोटो मी निवडणार, गॉगल घालणार, आणि मोबाइल नंबर कुणाचाच टाकायचा नाही."

"आणि तारीख?" भाऊंनी सावधपणे विचारलं.

"टाकायची की," तेजू म्हणाली. "ठळक अक्षरात. एक जून."