पिवळी किंग्सवुड

यालूराच्या जत्रेच्या मैदानावर, मेंढ्यांच्या शेडमागे, त्या शनिवारी सकाळी चौदा गाड्या उभ्या होत्या. चौदा गाड्यांत मिळून काचा शून्य, दिवे शून्य, मागची बाकं शून्य. दारं बावन्न, आणि बावन्नही साखळ्यांनी जखडलेली. चालू इंजिनं तेरा. चौदावं चालू आहे की नाही यावर तिघांचं एकमत होत नव्हतं. दुपारी दोन वाजता या गाड्या एकमेकींवर आदळणार होत्या आणि शेवटी जी हलती राहील ती जिंकणार होती. यालूरात याला डर्बी म्हणतात, आणि त्या दिवशी गावातलं कुणी मेलं तर त्याचं दफन सोमवारवर जातं.

क्लेम ट्रेवार्था गव्हाच्या पेंढ्यांचं परीक्षण करायला आला होता. वय शहात्तर. पेंढ्यांच्या तंबूतून मुतारीकडे जाताना तो नवव्या गाडीपाशी थांबला तो थांबलाच. मोहरीच्या रंगाची जुनी किंग्सवुड स्टेशन वॅगन. मागच्या दारावर उजवीकडे पोचा होता, सुपाएवढा. क्लेमने त्यात हात घातला. चर्चच्या पाण्याच्या टाकीवर गाडी आपटून त्याने स्वतः पाडलेला पोचा तो, हाताला ओळखू आला.

"ही माझी गाडी आहे," तो म्हणाला.

गाडीखालून दोन बूट बाहेर आले आणि त्यांच्यामागून टॅश कोवालिक आली. टॅश धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर कामाला होती आणि गेली दोन वर्षं डर्बीत दुसरी येत होती.

"तुमची? कोंबड्यांच्या खुराड्यातून मी काढलीय हिला, गेल्या महिन्यात. आत दोन अंडीपण होती."

"एकवीस वर्षांपूर्वी विकली मी ही."

"मग तुमची नाही ना, म्हातारबा. विकणं म्हणजे तेच असतं."

क्लेमने गाडी विकली हे यालूरात सगळ्यांना माहीत होतं, कारण गेली एकवीस वर्षं तो दुसरं काही बोलत नव्हता. खाटकाच्या दुकानात तो शिरला की रांग आपोआप लहान व्हायची. पेट्रोल फार पिते म्हणून त्याने ती एका परगावच्या माणसाला दिली, बायकोला न विचारता, आणि चंदेरी रंगाची एक छोटी गाडी आणली. ती कधी बंद पडली नाही. तिच्याविषयी सांगण्यासारखं कधी काही घडलंच नाही, ही क्लेमची तिच्याबद्दलची मुख्य तक्रार.

पण गेल्या अकरा महिन्यांत हे वेड राहिलं नव्हतं, गरज झाली होती. त्याची बायको एल्वा गावच्या वृद्धाश्रमात होती. तिचं डोकं मागे मागे जाताना कुठल्याशा वर्षी थांबलं होतं, आणि त्या वर्षी दारात पिवळी किंग्सवुड होती. रोज चार वाजता ती पर्स मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची. नवरा न्यायला येणार म्हणून. नवरा यायचाही, रोज चारच्या ठोक्याला, चंदेरी गाडीतून. ती त्याला नळवाला समजायची.

"अहो, न्हाणीघरातला नळ अजून गळतोय," ती म्हणायची. "आणि जरा लवकर आटपा, माझे मिस्टर येतील आता."

क्लेम आत जाऊन नळाकडे बघायचा. पहिल्याच महिन्यात त्याने तो खरोखर दुरुस्त केला होता. तरी रोज एकदा पाना फिरवून यायचा. नाहीतर ती कचेरीत तक्रार करायची.

म्हणून मैदानावर त्याचा हात त्या पोच्यातून निघेना.

"किती घेशील?" त्याने विचारलं.

"मी द्यायला तयार असते हो," टॅश म्हणाली, "पण तो बघा, टपावर स्टिकर लागला. तपासणी झाली. आता गाडी जत्रेच्या मंडळाची."

क्लेम तरातरा मंडळाच्या तंबूत गेला. सेक्रेटरी ग्लेनिस पास्को जॅमच्या बाटल्यांवर क्रमांक चिकटवत होती. त्याचं सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नियम सात," ती म्हणाली. "तपासणी झालेली गाडी मैदानाबाहेर जाणार नाही. शर्यतीनंतर सगळ्या भंगारात. फक्त जिंकणारा आपली गाडी नेऊ शकतो, आणि तीही स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर काढली तर."

"असला मूर्खासारखा नियम केला कुणी?"

ग्लेनिसने खणातून फाईल काढली, चष्मा लावला, पान उलटून त्याच्यापुढे ठेवलं. खाली सही होती. सी. ट्रेवार्था, अध्यक्ष.

"लोक सांगाडे तसेच टाकून जायचे, आठवतंय?" ती म्हणाली. "तूच टेबलावर मूठ आपटली होतीस. चहा सांडला होता माझ्या अंगावर."

"मग अध्यक्षांना अपवाद—"

"नियम अकरा. अपवाद नाही. तोही तुझाच."

तो परत नवव्या गाडीपाशी आला. टॅश सँडविच खात होती.

"तुला जिंकावं लागेल," तो म्हणाला. "आणि हे बघ, हळू चालव. डाव्या बाजूला काही लागू देऊ नकोस. डावीकडे ती बसते."

"कोण बसते?"

त्याने सांगितलं. सगळं, नळासकट. टॅशचं सँडविच अर्ध्यावर राहिलं.

"म्हातारबा, मला जपून चालवता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आत बसले की माझं डोकंच फिरतं. आपटायलाच येते मी. डावी न् उजवी कुठली आठवतेय तिथं!"

"मग मी चालवतो. बारापर्यंत चालक बदलता येतो."

"हा नियमपण तुमचाच?"

"नियम तीन."

"आणि मी वर्षभर कशाची वाट बघितली? चहाची?"

क्लेमने खिशातून चंदेरी गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. "पुढच्या वर्षी ही आपट. कधी बंद पडत नाही."

टॅशने किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हरलात तर चालत घरी जाल."

"ठाऊक आहे."

बारा वाजायला सहा मिनिटं असताना नाव बदललं. डॉक्टरचा दाखला लागत होता. डॉक्टर केकच्या तंबूत होता आणि त्याने तोंड भरलेलं असताना सही केली. दारं जखडलेली, म्हणून दोन माणसांनी क्लेमला खिडकीतून आत सरकवलं, पेटीत पत्र टाकावं तसं. हेल्मेट टॅशचं होतं. आत बसल्यावर त्याने पहिल्यांदा हात कुठे नेला असेल तर डावीकडच्या सीटवर. रेक्झिन फाटलं होतं. एक पीस चिकटलं होतं, ते त्याने काढून खिशात ठेवलं.

डर्बीत पुढून कुणी धडक देत नाही. पुढे रेडिएटर असतो. तो फुटला की खेळ संपला. सगळे उलटे चालवतात आणि मागच्या भागाने ठोकतात. म्हणजे पाण्याच्या टाकीवर क्लेमने जे केलं होतं तेच, फक्त इथे त्याला टाळ्या मिळतात. शिवाय नियम चार: साठ सेकंदांत एक तरी धडक द्यायची, नाहीतर बाद. क्लेमचा बेत असा होता की दर पन्नासाव्या सेकंदाला कुणाला तरी टपली मारायची आणि बाकी वेळ कुंपणाला डावी बाजू लावून उभं राहायचं.

"नऊ नंबर पार्किंग शोधतोय बहुतेक!" लाउडस्पीकर ओरडला. अख्खं मैदान हसलं.

तीन मिनिटं बेत चालला. मग बाकीच्यांच्या लक्षात आलं की कुंपणाला टेकलेली गाडी म्हणजे हलवायाच्या दुकानातला उघडा पेढा. निळी आली, तपकिरी आली, मग एका वेळी दोघी आल्या. क्लेमने एकच केलं. प्रत्येक धडकेला चाक फिरवून उजवी बाजू पुढे केली. उजवीकडे तो स्वतः बसला होता.

"म्हातारबा, वळवा! डावी द्या त्याला, डावी!" कुंपणावर चढलेली टॅश किंचाळत होती. "अहो, मराल!"

चौथ्या धडकेला उजवं दार आत आलं. सहाव्याला ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला, आणि तो गाडीचा नाही हे सातव्याला कळलं. पाण्याच्या टाकीचा पोचा तेव्हाच नाहीसा झाला. कारण तो ज्या दारावर होता ते दारच चालकाच्या मानेमागे येऊन टेकलं. मैदानावर आता कुणी हसत नव्हतं. ग्लेनिस पास्को जॅम सोडून बाहेर आली होती आणि तोंडावर हात धरून उभी होती.

शेवटी दोनच राहिल्या, किंग्सवुड आणि निळी. निळीवाल्याने मैदानभर अंतर घेतलं, उलटा सुसाट आला आणि मधल्या चिखलात आसापर्यंत रुतला. चाकं गरगरली, इंजिन गुरगुरलं, बंद पडलं. क्लेम हळूहळू मागे गेला, नियमाप्रमाणे तिला एक टपली मारली, आणि तसाच उलटा, ताशी पाचच्या वेगाने, फाटकाबाहेर निघाला. पुढचा गिअर पडतच नव्हता.

खिडकीतून त्याला बाहेर काढायला आता चार माणसं लागली. तीन बरगड्या गेल्या होत्या.

"करंडक?" ग्लेनिसने विचारलं.

"तो टॅशला दे," तो म्हणाला. "साखळी कापायचं काहीतरी आण. डावीकडची."

सोमवारी चारला पाच कमी असताना टॅशने ट्रेलरवरून किंग्सवुड वृद्धाश्रमाच्या दारात उतरवली. मागची बाजू पत्र्याच्या डब्यावर पाय पडल्यासारखी झाली होती, उजवी बाजू नव्हतीच. डावीकडचं पुढचं दार मात्र ओरखड्याविना होतं आणि उघडत होतं. छातीला पट्टा बांधलेला क्लेम त्या दारापाशी उभा राहिला. त्याने टाय लावला होता.

एल्वा व्हरांड्यात आली. पर्स हातात. तिने गाडीकडे पाहिलं, बराच वेळ. मग पायऱ्या उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. टॅश श्वास रोखून ट्रेलरला टेकली.

"क्लेमेंट," एल्वा म्हणाली.

क्लेमने टाय सरळ केला.

"पुन्हा न बघता गाडी मागं घेतलीस ना?"

"हो," तो म्हणाला.

"शंभर वेळा सांगितलंय. मान वळवायला काय पैसे पडतात? आणि हे छातीला काय बांधलंस? दाखव. कुणाच्या टाकीवर घातलीस आता? बस. आधी आत बस. लोक बघतायत."

ती डावीकडे बसली. क्लेम उजवीकडे बसू शकत नव्हता, तिकडे जागा राहिलेली नव्हती. तो तिच्या दाराशी मातीतच बसला. ती बोलत राहिली. टाकी, पाद्रीबुवा, पेट्रोल, त्याची आई. तो हो म्हणत राहिला, आणि हसला की त्याच्या बरगड्या दुखत होत्या.

मेरिबेल नावाची नर्स दारात घड्याळाकडे बघत उभी होती. रुग्णाने जवळच्या माणसाला नावाने ओळखलं तर किती वेळ, हे तिला रोज तक्त्यात लिहावं लागे. गाडी ट्रेलरवर परत चढवली नाही. ती आठवडाभर तिथेच दारात राहिली, आणि क्लेम रोज चारला, आता चालत, येत राहिला. शुक्रवारी मेरिबेलने तक्ता डॉक्टरकडे पाठवला. सोमवार, सत्तावीस मिनिटं. मंगळवार, शून्य. बुधवार, शून्य. गुरुवार, चार मिनिटं.