न आलेला ठसका

"आल्याची गेल्याची, दारीच्या पाहुण्याची, गोड हसून बघणाऱ्या मोठ्या मोठ्या डोळ्यांची…"

आईचा तो आवाज केव्हाच निमाला होता. पण आखातातल्या, अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये बायको मनोरमा वासुदेवच्या डोक्यावरून मूठ ओवाळू लागली आणि त्याच्या कानात तो पुन्हा जागा झाला. मुठीतून मोहऱ्या निसटत होत्या.

"यल्ला, आटप! मॅडम खाली उतरतील आता," तो म्हणाला.

मॅडम म्हणजे हाफिजा, एका चिमुकल्या बेट-देशाच्या अर्थखात्यातल्या बाई. धुरकट हवेपायी त्या देशाचं किती नुकसान होतं, याचा रिपोर्ट वासुदेवनं केला होता. काल त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. "हमारे यहाँ समंदर की हवा है. दूसरों का धुआँ हम तक आता ही कैसे है?" आज त्यांची सही झाली नाही, तर देरा भागातल्या ऑफिसातलं प्रोजेक्ट खलास आणि पाठोपाठ व्हिसाही. हॉटेलचा खर्च नको म्हणून कंपनीनं त्यांना याच बिल्डिंगमध्ये, यांच्या थेट वरच्या फ्लॅटमध्ये उतरवलं होतं.

"पण दृष्ट लागली कोणाची?"

"नाव घेऊ नये." मनोरमानं ओठ मिटले आणि मीठ, मोहऱ्या, मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या.

मिरच्या काळ्या पडल्या, पण ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, हे घरातलं शास्त्र.

"अगंबाई! केवढी ही!" तिनं आणखी मूठभर टाकल्या. नाकाला साधी झिणझिणी नाही. मग तिनं डबाच पालथा केला. बाहेर वाळूचं वादळ, खिडक्या बंद. एक्झॉस्ट फॅन तेवढा जीव तोडून फिरत होता.

मिहिका जिन्यावरून धावत आली. "बाबा, अपस्टेअर्स आंटी इज डाइंग!"

वासुदेवनं फॅनकडे पाहिलं. फॅनचं तोंड भिंतीतल्या सामाईक धुराड्यात, आणि धुराड्याची वाट वरच्या स्वयंपाकघरात. तोच बेल वाजली.

दारात हाफिजा. डोळे लालबुंद, ओढणी नाकाशी. "ये… खॉक्… किसका धुआँ है?"

"बाहर का, मॅडम! इंडस्ट्रियल एरिया का," वासुदेवनं रेटून दिलं.

हाफिजा पाणी प्यायल्या. मग हळूच म्हणाल्या, "मतलब, आता है. दूसरों का धुआँ आता है." त्यांनी रिपोर्ट ओढला, पेन उघडलं. वासुदेवचा श्वास अडकला. पेनही अडकलं.

"ये भी लिखिए, मिसाल के तौर पर. लेकिन सोर्स के साथ. किसका धुआँ, नाम चाहिए. तभी साइन."

आता नसलेली फॅक्टरी आणायची कुठून? वासुदेवनं मान खाली घातली, तशी केसांतून एक मोहरी टपकन रिपोर्टवर पडली. मागोमाग दुसरी. हाफिजा त्या मोहऱ्यांकडे बघत राहिल्या.

"हमारा ही है, मॅडम," तो पुटपुटला. "मुझे नजर लगी थी. बीवी उतार रही थी."

हाफिजांना हसू फुटलं, हसण्यातून खोकला. अर्धी सही झाली आणि पेन पुन्हा थांबलं. "किसकी लगी थी?"

वासुदेवनं बायकोला डोळ्यांनी दटावलं. नाव घेऊ नये. अगं, नाव घेऊ नये!

"आपकीच!" मनोरमा म्हणाली, आणि तिला सकाळपासून न आलेला ठसका लागला.