चोविसाव्या वर्षीचं ब्लडप्रेशर

आपल्यालाही ब्लडप्रेशर असावं, असं मी एकोणीसशे एकेचाळीसच्या उन्हाळ्यात ठरवलं. आमच्या लाकडाच्या वखारीचे शेठजी हेडक्लार्क केशोरावांना दरेकशाच्या डेपोवर पाठवणार होते. केशोरावांनी छातीवर हात ठेवून "ब्लडप्रेशर!" एवढंच म्हटलं, आणि शेठजींची नजर माझ्यावर आली.

"तो बाबूजी, आप जाइये. अगले महीने."

दरेकसा म्हणजे डोंगर, जंगल आणि मनात आलं तर थांबणारी गाडी. गोंदियात माझे पत्ते होते, मित्र होते, स्टेशनाबाहेरची गरम कचोरी होती. (आणि वाघ नव्हता.) मी काही जाणार नव्हतो.

केशोरावांना मीठ, चहा आणि दगदग वर्ज्य होती. मग या तिन्ही गोष्टी भरपूर केल्या की आजार आपोआप येईल, असा हिशेब मी मांडला. (मॅट्रिकला मी गणितात उगाच नापास झालो नव्हतो.)

"काऊन जी, भाजी अळणी झाली का?" सुशिलानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं. "इतकं मीठ कायले ओतून राहिले?"

"घाम फार जातो."

"मंग पाणी प्या ना!"

मी पाण्याऐवजी चहा प्यालो आणि भर दुपारी दवाखान्यापर्यंत पळत गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली. नळीतला पारा असा चढला की मला अगदी धन्य वाटलं.

"वय?" डॉक्टर म्हणाले.

"चोवीस."

"मग नाही. या वयात कुठलं ब्लडप्रेशर? पळत आला असाल."

दुसऱ्या खेपेला मी चालत गेलो. पारा चढलाच. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मला घाबरता." तिसऱ्या खेपेला मी हसत हसत गेलो, तर म्हणाले, "दंड जाड आहे तुमचा, पट्टा तोकडा पडतो." चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःच्या कंपाउंडरला, चैतरामला, तोच पट्टा बांधला. त्याचा पारा जागेवर! तरी डॉक्टर मानेनात. माझ्या डोक्यावरचे केस पिकलेले असते तर पहिल्याच दिवशी माझं काम झालं असतं!

शेवटी ते म्हणाले, "आठवडाभर मीठ, चहा बंद. आराम करा. मग घरच्यांना घेऊन या."

सुशिलानं हे ऐकलं आणि मिठाची बरणीच उचलून शेजारी नेऊन ठेवली. मी हाय खाल्ली. आता पारा उतरणार आणि मी दरेकशाला जाणार! आठवडाभर मी अळणी वरण गिळत खाटेवर पडून राहिलो.

आठव्या दिवशी सुशिलाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला. पारा चढला. त्यांनी मला स्वस्थ पडायला सांगितलं, दुसरा हात घेतला. पारा पुन्हा तिथंच.

"घरात कुणाला होतं?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"असं कसं जी?" सुशिला मधेच बोलली. "मामाजीले नव्हतं का? पंचायतीत भांडता भांडता पडले, मंग तोंड वाकडं झालं त्यायचं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्हाला खरंच ब्लडप्रेशर आहे हो!"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा. त्यांचं ते वाकडं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी खोटा आजार मागायला गेलो होतो, आणि तो माझ्या घरीच बसलेला निघाला. मला खरोखर भीती वाटली. सुशिलानं सगळ्यांदेखत माझा हात धरला.

"यावर उपाय?" मी कसंबसं विचारलं.

"मीठ कमी. जागरण, पत्ते, कचोरी बंद. त्या वखारीच्या करवतीपासून लांब, शांत हवेत राहा." डॉक्टर एकदम खुलले. "अहो, शेठजींचा दरेकशाला डेपो आहे ना? मीच सांगतो त्यांना!"

"मी तं पयलेच म्हणून राहिली होती," सुशिला म्हणाली. तिची मोठी बहीण दरेकशालाच होती.

आम्ही गेलो. वाघ दिसला नाही, मीठही दिसलं नाही. दिवाळीनंतर मी तपासायला आलो, तर पारा शहाण्यासारखा खाली! मी आनंदानं उठून उभा राहिलो.

"म्हणजे मी आता गोंदियाला परत येऊ?"

"बसा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हवा भरली. "हे पाहा. गोंदियाचं नुसतं नाव काढलंत, तर केवढा चढला! आणखी पाच वर्षं तिथंच राहा."